मुक्काम किती दिवसांचा?

सहलीला कुठं जायचं हे ठरवायला आमच्या घरात पाच मिनिटं लागतात. कधी जायचं हे शाळा ठरवते आणि किती खर्च करायचा हे पासबुक ठरवतं. उरतो एवढासा प्रश्न, की किती दिवस जायचं? पण हा प्रश्न एकदा घरात शिरला की लांबच्या पाव्हण्यासारखा पाय पसरून बसतो आणि उठायचं नाव काढत नाही.

यंदा हैदराबादला रामोजी फिल्म सिटी पाहायला जायचं, हे बिनविरोध मंजूर झालं. आपलं इमॅजिका तिकडं खोपोलीला, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाजवळ. आम्हां हिंगोलीकरांना ते हैदराबादपेक्षा कितीतरी लांब. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झालं तेव्हा मी मराठी शाळेत होतो. टीव्हीवरची त्याची जाहिरात पाहून हट्ट धरला, तेव्हा वडील म्हणाले, "पुढल्या उन्हाळ्यात जाऊ." वडील जाऊन बारा वर्षं झाली. तो पुढला उन्हाळा काही आला नाही.

हैदराबादचं तसं नाही. आमच्या स्टेशनच्या पाटीवर अजून 'हिंगोली डेक्कन' लिहिलेलं आहे. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. म्हणजे आमच्या आजोबांना हैदराबाद ही राजधानी होती, आम्हांला ती परराज्यातली सहल आहे. पूर्णा, नांदेड, निजामाबाद करत गाडी आपली पोचवते.

तर प्रश्न दिवसांचा. चिरंजीव सातवीत आहेत. त्यांचा आकडा पाच. रामोजी फिल्म सिटीचं नाव गिनीज बुकात जगातला सर्वांत मोठा स्टुडिओ म्हणून आहे, क्षेत्रफळ १६६६ एकर, आणि १६६६ एकर एका दिवसात पाहून होत नाहीत, असा त्यांचा बिनतोड मुद्दा. आई भाजी निवडत होती. आमच्या जिल्ह्यात एकर म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढं हळद उभी राहते. ती म्हणाली, "आरं, सोळाशे एकर हळद काढायला किती मजूर लागतील!" मग शिजवायची कुठं, वाळवायची कुठं यावर दहा मिनिटं गेली आणि दिवसांचा प्रश्न जागच्या जागी राहिला.

आईचा स्वतःचा आकडा एक. तिच्याजवळ म्हणच तयार होती : पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. मी म्हटलं, "आई, आपण तिकीट काढून जाणार आहोत, पाहुणे म्हणून नाही." ती म्हणाली, "मग तर एक दिवससुदीक लई झाला."

ही म्हणाली, तीन. एक दिवस रामोजी, दोन दिवस चारमिनारच्या बाजूचा बाजार. तिच्या मते बांगड्या आणि मोती घाईत घेतले की फसगत होते. बँकेतले आमचे कॅशियर मागच्या वर्षी जाऊन आलेले. ते म्हणाले, "एक दिवस बास. दुपारपासून पाय बोलायला लागतात." आणि अमेरिकेतल्या भाच्यानं फोनवर सांगितलं, सात.

हा सात कुठून आला? तर फ्लोरिडातलं डिस्नी वर्ल्ड. ते १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलं. सुमारे २५,००० एकर जागा आणि आत चार वेगवेगळी उद्यानं. तिथं लोक आठवडा आठवडा काढतात. तिकिटाची गंमत अशी, की जितके जास्त दिवस घ्याल तितका दर दिवसाचा भाव उतरत जातो. बी.कॉम. माणसाला ही युक्ती ओळखायला वेळ लागत नाही. आपल्याकडं साडीवाला दोन साड्यांवर तिसरी स्वस्त लावतो, तेच हे. तिसऱ्या साडीवर पैसे वाचल्याच्या आनंदात बाई तीन साड्यांचे पैसे मोजून घरी येते, आणि अमेरिकन माणूस सहाव्या दिवशी सूज आलेले पाय बादलीत बुडवून 'आजचा दिवस जवळजवळ फुकट पडला' म्हणून समाधान मानतो.

या पार्कांचा दुसरा हिशेब रांगेचा. या विषयावर बोलायचा मला अधिकार आहे, कारण रांगेच्या काउंटरकडच्या टोकाला मी वीस वर्षं बसलो आहे. गरगर फिरवणारा पाळणा दोन-तीन मिनिटांत माणसाला उतरवून देतो. त्याच्यापुढची रांग गर्दीच्या दिवशी तासाची असू शकते. पण रांग सरळ ठेवत नाहीत. तिला नागमोडी वळणं देतात, भिंतीवर चित्रं काढतात, मध्येच एखादा राक्षस उभा करतात. पुढं किती माणसं आहेत ते दिसत नाही आणि पाय मात्र हलत राहतात, म्हणून माणूस खूश. शिवाय बऱ्याच पार्कांत जादा पैसे भरले की वेगळ्या वाटेनं पुढं जाता येतं. हीच सोय कुणी बँकेत पेन्शनीच्या दिवशी काढून दाखवावी! पहिला पेन्शनर काठी घेऊन काउंटरच्या आत येईल.

आमच्या लहानपणी किती दिवस हा प्रश्नच नव्हता, कारण आम्ही पार्कात जात नव्हतो. पार्क आमच्याकडं येत होतं. हिंगोलीचा दसरा शंभर वर्षांहून जुना. रामलीला मैदानावर प्रदर्शन लागायचं, आकाशपाळणा यायचा, मौत का कुआँ यायचा. अजूनही येतो. रोज संध्याकाळी जायचं, खिशातले पैसे संपले की परतायचं, आणि दुसऱ्या दिवशी नुसतं बघायला पुन्हा जायचं. मुक्काम पाळण्याचा, आपला नव्हे. पाळणे उतरवून ट्रकवर चढवले की सहल संपली.

आता बँक कर्मचाऱ्याचे दिवस म्हणजे काय? वर्षाच्या बारा किरकोळ रजा. सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा, त्याला रविवार जोडला की दोन दिवस फुकट. पुढं-मागं एकेक रजा टाकली की चार. मी कागदावर दोन रकाने पाडले. डावीकडं दिवस, उजवीकडं खर्च. रामोजी सकाळी नऊला उघडतं. लाल बसमधून सेट दाखवतात. राजवाडा, विमानतळ, रेल्वे स्टेशन, बाहुबलीचा सेट. खेळांच्या वेळा ठरलेल्या, म्हणजे एक पाहावा तर दुसरा हुकतो. मुक्कामाला आत 'तारा' आणि 'सितारा' अशी हॉटेलं आहेत. त्यांचे दर ऐकून मी शहरातल्या लॉजवर आलो.

एवढं सगळं चाललं असताना आमची थोरली गप्प होती. तिची बारावी झाली आहे. जूनमध्ये ती पुण्याला जाणार. मी विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

"एकच दिवस बास, पप्पा. रात्रीच्या गाडीनं जाऊ, फिल्म सिटी बघू, रात्रीच्या गाडीनं परत येऊ. लॉजचे पैसे वाचतील."

मुलानं पाच मागावेत यात नवल नाही. पण हट्ट करायच्या वयाच्या मुलीनं एक म्हणावं, याचा मला राग आला. टेबलावर माझ्या रकान्यांच्या कागदाखाली होस्टेलच्या फीचा कागद होता. तो तिनं वाचला होता, हे मला तेव्हा कळलं. वीस वर्षं मी लोकांच्या खात्यावरची शिल्लक एका नजरेत सांगत आलो. आम्ही सगळे एका ताटलीतले शेंगदाणे खात एकत्र बसण्याचे दिवस किती शिल्लक आहेत, हे मात्र कुठल्या पासबुकावर छापून येत नाही. जूननंतर ती दिवाळीला येईल, चार दिवस. पुढं नोकरी, मग तेही दोन. हा हिशेब मी मोठ्यानं केला नाही.

तेवढ्यात आई म्हणाली, "तुझे आजोबा कोर्टाच्या कामाला हैदराबादला जायचे. येताना खारकी आणायचे. चारमिनार लई उंच हाय म्हणायचे."

"तू पाह्यलास का?"

"मला कोण नेतंय?"

अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, जन्मली त्या हैदराबादच्या राज्यात, आणि राजधानी पाहायची राहून गेली. एक दिवस म्हणणारी तीच. आपल्या घरात कमी दिवस मागणाऱ्या माणसाकडं नीट पाहावं. बहुधा त्यालाच जायचं असतं.

मग मी कागद नव्यानं लिहिला. एक दिवस रामोजी, चिरंजीवांचा. एक दिवस चारमिनार, आईचा आणि हिच्या बांगड्यांचा. आणि एक दिवस काहीच नाही. काहीच नाही म्हणजे लॉजवर उशिरा उठायचं, इडली खायची, हुसेनसागराच्या काठावर बसायचं, पोरांनी भांडायचं. चिरंजीवांनी विचारलं, "काहीच नाही, तर मग त्या दिवसाचे पैसे कशाला भरायचे?" मी म्हटलं, "तो सगळ्यांत महाग दिवस आहे." थोरलीनं माझ्याकडं पाहिलं आणि फीचा कागद घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला. तिला काय कळायचं ते कळलं असावं.

जाण्यायेण्याच्या रात्री धरून चार दिवस झाले. दुसऱ्या दिवशी शाखेत दोन किरकोळ रजांचा अर्ज दिला. कारणाच्या ओळीत 'मुलगी जूनमध्ये पुण्याला जाणार आहे' असं लिहून झालं होतं. मग वाटलं, साहेब म्हणतील, जूनमध्ये जाणार तर रजा मेमध्ये कशाला? म्हणून ते खोडलं आणि इतर सगळे लिहितात तेच लिहिलं : घरगुती काम.