स्टेरॉइड उतरताना इन्सुलिनचे काय?

मधुमेही मांजराला दम्यासाठी किंवा आतड्याच्या जुनाट दाहासाठी प्रेडनिसोलोन सुरू करावे लागले, की मालक आणि पुष्कळदा आम्ही पशुवैद्यही एकाच प्रश्नात अडकतो: साखर चढली, आता इन्सुलिन किती वाढवायचे? प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच आहे. माझ्या मते खरी कसोटी स्टेरॉइड उतरवताना लागते. चढलेल्या साखरेची लक्षणे दिसतात: मांजर भांडेभर पाणी पिते, ट्रेमध्ये लघवीचे मोठमोठे गोळे होतात, वजन घटते. खाणे सोडून उलट्या सुरू झाल्या तर कीटोन तपासायला धावावे लागते, हे खरेच. पण एरवी विचार करायला दिवस हाताशी असतात. स्टेरॉइड कमी झाले आणि इन्सुलिन जागच्या जागी राहिले, तर मात्र काही तासांतच मांजर झोकांड्या खाते, त्याला झटके येतात, प्रसंगी ते दगावते. आणि हे घडते ते मूळ आजार आटोक्यात आल्यावर, म्हणजे घरातले सगळे निर्धास्त असताना.

याचे कारण स्टेरॉइडच्या कामातच आहे. ते यकृताला नवी साखर तयार करायला लावते आणि स्नायू व चरबीच्या पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. मांजराचा मधुमेह बहुतांशी माणसाच्या टाइप-2 प्रकाराशी जुळतो. स्वादुपिंडाची इन्सुलिन तयार करण्याची थोडीफार ताकद अनेकदा शिल्लक असते. स्टेरॉइडचा अडसर दूर झाला की टोचलेले इन्सुलिन पुरेपूर लागू पडते, वर मांजराचे स्वतःचेही कामाला लागू शकते. काही मांजरांचे इन्सुलिन यानंतर पूर्ण सुटते. चांगलीच बातमी, फक्त ती वेळेवर कळली पाहिजे.

म्हणून वाढ आणि घट यांना मी एकच नियम लावत नाही. आपल्याकडे मांजरांना बहुधा माणसांचेच ग्लार्जिन दिवसातून दोनदा देतात. सुरुवात साधारण 1 युनिटने होते. वाढवायचे तर अर्ध्या युनिटने, आणि पुढच्या वाढीपूर्वी पाच-सात दिवस थांबून. घटीला ही सबुरी नको. दिवसातली सर्वांत कमी साखर 80 च्या खाली गेली, तर पुढचा डोस डॉक्टरांशी बोलून कमी करूनच द्यावा. स्टेरॉइड चालू असताना अगदी नॉर्मल साखरेचा हट्टही मी धरत नाही. मांजराच्या लघवीत साखर उतरते ती रक्तातली पातळी साधारण 250 च्या पलीकडे गेल्यावर. दिवसाचा बराच वेळ त्याखाली राहिला, तहान आटोक्यात आली आणि वजन टिकले, तर माझे समाधान होते.

यावर पहिला आक्षेप येतो की मग एक सूत्रच द्या, स्टेरॉइड निम्मे तर इन्सुलिन इतके कमी. असे सूत्र भरवशाचे नाही, कारण प्रत्येक मांजराच्या स्वादुपिंडात किती जीव उरला आहे हे आधी कळत नाही. ते मोजूनच कळते, आणि तेही घरी. दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची साखर नुसत्या ताणाने 300 वर जाऊ शकते. मांजर टोचू देणार नाही, हा दुसरा आक्षेप. कानाची कड कोमट कापसाने शेकून, मागे बोट धरून शिरेलगत टोचले आणि लगेच खाऊ दिला, तर बहुतेक मांजरे सरावतात. नाहीतर चौदा दिवस चालणारा त्वचेवरचा सेन्सर आहे. माणसांचा ग्लुकोमीटर मांजराची साखर प्रत्यक्षाहून कमी दाखवतो, एवढे ध्यानात ठेवावे.

तिसरा आक्षेप वजनदार आहे: स्टेरॉइड बंदच का करू नये? जमेल तिथे जरूर टाळावे. दम्याला स्पेसरमधून फ्लुटिकासोन, खाजेच्या काही आजारांत सायक्लोस्पोरिन हे पर्याय आहेत. पण आतड्याचा तीव्र दाह किंवा लिम्फोमा असताना तो आग्रह अंगाशी येतो, आणि बरेच दिवस चाललेली गोळी एकदम तोडली तर अधिवृक्क ग्रंथी तेवढ्या लवकर जागी होत नाही. माझा सक्त विरोध आहे तो मधुमेही मांजराला मिथाइलप्रेडनिसोलोन अॅसिटेटचे लांब पल्ल्याचे इंजेक्शन देण्याला. गोळ्या देण्याची कटकट वाचते, कबूल. पण त्याचा असर कित्येक आठवडे टिकतो, परत घेता येत नाही आणि नेमका कधी ओसरेल हे सांगता येत नाही. इन्सुलिन कोणत्या तारखेला उतरवायचे, याचा अंदाजच मग राहत नाही.

तेव्हा वाचकहो, दोन्ही औषधांचे डोस एकाच कागदावर, तारखेसह लिहून घ्या. नेहमीचे ग्लार्जिन 1 मिलीत 100 युनिटचे असते. त्याला केशरी टोपणाचीच सिरिंज वापरा. लाल टोपणाच्या 40 च्या सिरिंजमध्ये 1 च्या रेघेपर्यंत ओढलेत, तर अडीच युनिट जातील. आणि स्टेरॉइड कमी करायला सांगितले, की दवाखान्यातून निघण्यापूर्वी विचारा: त्या दिवसापासून इन्सुलिन किती द्यायचे, आणि साखर किती वाजता मोजायची?