नादारी

आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत माझ्या आजोबांचा एक अर्ज आहे. कागद पिवळा पडून घडीवर फाटला आहे, पण अक्षर अजून मोत्यासारखे दिसते. शाळेत असताना त्यांनी तो मुख्याध्यापकांना लिहिला होता. वडिलांची सांपत्तिक स्थिती हलाखीची असल्याकारणाने आपणांस पूर्ण नादारी मिळावी, अशी त्यात विनंती आहे आणि खाली तांबड्या शाईने एकच शब्द आहे : 'मंजूर'. आजोबा होते तोवर दर दिवाळीच्या साफसफाईत तो कागद बाहेर निघे आणि एखादा ताम्रपट दाखवावा तसा ते तो आम्हां नातवंडांना दाखवीत. नादारी मिळाली म्हणून ते शिकले, शिकले म्हणून कारकून झाले, आणि त्या कारकुनीच्या जोरावर दोन पिढ्यांनंतर मी महाविद्यालयात मराठी शिकवीत बसलो आहे.

यंदा नवरात्राच्या सुमारास आमच्या घरात दुसऱ्या एका नादारीच्या अर्जाची भाषा सुरू झाली. ही मात्र दारे लावून, दबक्या आवाजात.

'नादार' हा शब्द मूळचा फार्सी. ना-दार, म्हणजे ज्याच्यापाशी काही नाही तो. शाळेत नादार म्हणजे फी माफ झालेला मुलगा. कोर्टात नादार म्हणजे कर्ज फेडू न शकणारा इसम. पहिल्याच्या पाठीवर शिक्षक थाप मारीत. दुसरा समोरून आला तर ओळखीचे लोक रस्त्याची बाजू बदलतात. एकाच शब्दाच्या नशिबी हा दुजाभाव का यावा, याचा विचार मी इतकी वर्षे मराठी शिकवून कधी केला नव्हता. ती वेळ मेहुण्याने आणली.

माझ्या या धाकट्या मेहुण्याचा उद्यमनगरात लहानसा कारखाना आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, तीन कामगार आणि दारावर लिंबू-मिरची. फौंड्रीतून आलेले ओतीव भाग तो कातून, भोके पाडून देई. माणूस हातचा कसबी, पण हिशेबाचे कागद पिशवीत कोंबून ठेवणारा. २०१८ च्या भाऊबीजेला तो आला, ओवाळणीच्या ताटात नेहमीपेक्षा जाड पाकीट टाकले आणि जेवणे झाल्यावर माझ्यापुढे कागदांचा गठ्ठा ठेवला.

"दाजी, नुसती सही करायची. बँकेला नोकरदार माणसाचा जामीन पाहिजे म्हणं. बाकी काय नाही."

वर्गात एका ओळीवर तास घालवणारा मी! त्या दिवशी चौदा पानांवर चौदा सह्या केल्या आणि एकही ओळ वाचली नाही. पोटात श्रीखंड होते, आणि मेहुण्यापुढे कागद वाचणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, असे मला वाटले.

पुढे काय झाले ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टात महापूर आला, पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला. २०२० साली टाळेबंदी आली. तिच्यातून माणसे सावरतात तोच २०२१ च्या जुलैत पंचगंगा पुन्हा पात्र सोडून वर आली. काम थांबले तरी व्याज थांबत नाही. एका कर्जाचा हप्ता भरायला त्याने दुसरे घेतले, दुसऱ्याचा भरायला तिसरे. ऋण काढून सण करणाऱ्यांना आपण हसतो. याने तर ऋण काढून ऋण केले. आणि एक दिवस त्याचा फोन बंद झाला. कारखान्याचे शटर खाली आले. घरी गेलो की त्याची बायको दारातूनच सांगे, "हे बाहेरगावी गेलेत." आणि आतून टीव्हीचा आवाज एकदम कमी होई.

मग मला नोटीस आली, तीही महाविद्यालयाच्या पत्त्यावर. शिपायाने ती प्राध्यापक कक्षात सर्वांसमक्ष हातात दिली. लिफाफ्यावर बँकेच्या वकिलाचा शिक्का ठळक होता. "पुरस्कार-बिरस्कार मिळाला काय, सर?" असे एका सहकाऱ्याने विचारले आणि मी हसून मान हलवली. घरी येऊन नोटीस मी तुकोबांच्या गाथेत ठेवली. सौ. त्या पुस्तकाला हात लावते ती फक्त धूळ पुसायला, हे मला ठाऊक होते. तुकोबांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली आणि कान्होबाच्या वाट्याची त्याच्या स्वाधीन केली, असे चरित्रकार सांगतात. शिकवताना मी नेहमी पहिल्या अर्ध्यावर भर देत आलो. त्या रात्री मला दुसरे अर्धे आठवले. माझ्या मेहुण्याचे खत नक्कीच कान्होबाच्या वाट्याला गेले होते.

आठ दिवस मी कुणाला काही बोललो नाही. नवव्या दिवशी आमच्या पेठेतल्या एका वृद्ध वकिलांकडे गेलो.

त्यांनी नोटीस वाचली, चष्मा कपाळावर चढवला आणि मला पहिला धक्का दिला. कोल्हापुरात साध्या माणसाला नादार व्हायचे तर आजही १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागतो. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या शहरांना १९०९ चा वेगळा कायदा आहे. १९२० साली कोल्हापूर ब्रिटिश मुलखात नव्हतेच. येथे शाहू महाराजांचे राज्य होते. १९४९ साली संस्थान विलीन झाल्यावर हा कायदाही आमच्या वाट्याला आला. त्यातल्या रकमा अजून त्याच काळात वावरतात. पाचशे रुपये कर्ज असले की माणूस नादारीचा अर्ज करायला पात्र होतो! या हिशेबाने महाद्वार रोडवरून दिवाळीची खरेदी करून परतणारा निम्मा गाव पात्र ठरेल. नादारीतून मोकळे न झालेल्याने आपली स्थिती लपवून पन्नास रुपये उधार घेतले, तर सहा महिन्यांपर्यंत कैद. आणि मुक्तता मागताना रुपयाला निदान आठ आणे देण्याजोगी मालमत्ता आहे की नाही, हे पाहावे असे मूळ मजकुरात म्हटले आहे. दशमान पद्धती १९५७ साली आली, पण त्या कलमातले आणे अजून चालू आहेत.

मी हसत होतो. वकीलसाहेब हसत नव्हते. त्यांनी सहावे कलम काढून माझ्यापुढे धरले. कोणत्या वागण्यावरून माणूस नादारीला आला असे समजावे, याची त्यात यादी आहे. धनकोंना चुकवण्यासाठी राहते घर सोडून जाणे, हे त्यात आहे. त्यांना गाठ घेता येऊ नये अशा रीतीने दडून बसणे, हेही आहे.

"मास्तर, तुमच्या मेहुण्याचं हे वर्णन शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय," ते म्हणाले.

मला गाथेत दडवलेली नोटीस आठवली आणि मी खाली पाहू लागलो.

दुसरा धक्का माझ्यासाठी होता. मेहुणा उद्या नादार ठरला, पुढे मुक्तही झाला, तरी जामीन सुटत नाही. त्याच कायद्यात तसे स्पष्ट लिहिले आहे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामिनाची जबाबदारी ऋणकोच्या जबाबदारीइतकीच असते. बँक आधी त्याच्याकडे जाईल, मग माझ्याकडे, असा कोणताही क्रम नाही. हुकूमनामा झाला तर पगाराचे पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडून बाकीच्यावर जप्ती येऊ शकते. वकिलांनी मागच्या पाठकोऱ्या कागदावर माझ्या पगाराचा हिशेब मांडला. मुलीचे इंजिनिअरिंगचे पहिले वर्ष चालू आहे.

"पण कायदा बदलणार आहे ना?" मी विचारले. वर्तमानपत्रात काहीतरी वाचले होते.

बदल कागदावर होऊन गेला आहे, असे त्यांनी सांगितले. २०१६ साली नादारी व दिवाळखोरी संहिता आली. कंपन्यांना ती केव्हाच लागू झाली. तिचा तिसरा भाग तुम्हां-आम्हां माणसांसाठी आणि भागीदारी पेढ्यांसाठी आहे; परंतु १ डिसेंबर २०१९ पासून तो सुरू झाला तो कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरताच. सर्वोच्च न्यायालयाने ९ नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांच्यापुरत्या त्या तरतुदी वैध ठरवल्या. बाकीचे अजून रांगेत आहेत. मेहुण्याचा कारखाना त्याच्या एकट्याच्या नावावर, कंपनी नाही. म्हणून तो १९२० मध्ये आहे आणि त्याच्यामुळे मीही.

नव्या संहितेचा तो भाग मी घरी आणून वाचला. त्यात माणुसकीचा अंश अधिक आहे, हे कबूल केले पाहिजे. आधी ऋणकोने परतफेडीची योजना मांडायची. रकमेच्या हिशेबाने तीन चतुर्थांशांहून अधिक धनकोंनी ती मान्य केली की ती सर्वांना बांधील. ते न जमले तर दिवाळखोरी, पण तीतूनही साधारण वर्षभरात मुक्तता. अगदी गरिबासाठी 'नवी सुरुवात' म्हणून वेगळी वाट आहे; मात्र तिच्यासाठी वर्षाचे उत्पन्न साठ हजारांच्या, मालमत्ता वीस हजारांच्या आणि कर्ज पस्तीस हजारांच्या आत हवे, शिवाय स्वतःचे घर नको. जुनी मोटारसायकल असली तरी माणूस या वाटेवरून परत फिरायचा. जे जप्त होऊ नये त्यात धंद्याची हत्यारे तर आहेतच, पण पुस्तकेही आहेत. हे वाचून मला उगाचच कायदा करणाऱ्यांविषयी आपुलकी वाटली. लगेच खालचे पोटकलम वाचले : जी कर्जे मुक्ततेनंतरही माणसाच्या मानगुटीवर राहतात त्यांत विद्यार्थी असताना घेतलेले कर्ज आहे. आजोबांचा अर्ज माळ्यावर आहे ते बरे आहे.

हे सारे मी सौ.ला वाचून दाखवीत होतो. नोटीस गाथेतून बाहेर आली होती. तीन दिवस ती माझ्याशी नेमकेच बोलली, चौथ्या दिवशी समोर येऊन बसली. जुन्या कायद्यातही अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारे आणि धर्मरूढीने स्त्रीला उतरवता येत नाहीत असे दागिने यांना हात लावता येत नाही. ते ऐकताना तिचा हात गळ्यातल्या मंगळसूत्राकडे गेला आणि नंतर मनगटाकडे. मनगटाकडे का, ते मला तेव्हा कळले नाही.

झोप येईना म्हणून त्या रात्री मी कोश उघडले. मराठीच्या मास्तराची ही खोड आहे. दुखणे असले की तो त्याची व्युत्पत्ती शोधतो. यूल आणि बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ च्या कोशात दिवाळखोर सापडला. गुजराती आणि मराठीवर लिहिणाऱ्या ड्रमंडच्या जुन्या पुस्तकाच्या आधारे ते सांगतात की, व्यवहार बुडाला म्हणजे व्यापारी आपल्या घरात, दुकानात किंवा पेढीवर मोठा दिवा पेटवून ठेवी आणि हिशेब उघड होऊन धनकोंचे समाधान होईपर्यंत काही काळ तेथून दूर राही. 'दिवाळे' हा शब्द या दिव्यावरून आला काय, याची कोशकारांनाही खात्री नाही, तेव्हा मी तो वर्गात सांगणार नाही. पण तो दिवा माझ्या डोळ्यांपुढून हलेना. आमच्या मेहुण्याने पळ तेवढा काढला होता. दिवा लावायचा राहिला होता.

"नवा कायदा येईपर्यंत थांबावं का?" असे मी वकीलसाहेबांना निघताना विचारले होते. ते म्हणाले, "कुणी थांबायला सांगितलंय तुमच्या व्याजाला? तयारी करायची तर एकच. यादी करा. प्रत्येक धनकोचं नाव, राहण्याचं ठिकाण, रक्कम. जुना कायदाही हेच मागतो, नवाही हेच मागणार. आणि एकाचं नाव गाळलं तर सगळा अर्ज खोटा पडतो."

वसुबारसेच्या आधीच्या रविवारी मेहुणा आला. सौ.ने त्याला कसे आणले, ते तिने सांगितले नाही. दाढी वाढलेली, शर्ट सैल झालेला. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शंभरपानी वही घेऊन आम्ही बसलो. सौ. ओट्याशी चकल्या तळत होती. पहिली बँक, मग दोन पतसंस्था, मग सोन्यावरचे कर्ज, मोबाईलवरून घेतलेली तीन, भिशीचे थकलेले हप्ते, दोन मित्रांचे हातउसने, पोलादाच्या व्यापाऱ्याची बाकी. प्रत्येक आकड्याबरोबर त्याचा आवाज खाली जाण्याऐवजी मोकळा होत गेला, हे पाहून मी चकित झालो. कामगारांचा एका महिन्याचा पगार. कोपऱ्यावरच्या चहावाल्याचे चार हजार दोनशे.

"झालं?" मी विचारले.

तो गप्प राहिला. वही त्याने मिटली नाही. मग ओट्याकडे न पाहता म्हणाला, "आक्काच्या पाटल्या."

झारा कढईतच थांबला.

"ते नाही घालायचं. ते घरातलं आहे," सौ. म्हणाली.

"वकिलांनी सगळे म्हटलंय, आक्का."

२०२१ च्या पुरानंतरची गोष्ट. चार तोळ्यांच्या, माझ्या आईने तिला घातलेल्या पाटल्या. तेव्हापासून तिच्या हातात आहेत त्या वन ग्रॅमच्या, मुलामा दिलेल्या. इतकी वर्षे मी त्या हातांनी वाढलेले जेवलो आणि मला काही दिसले नाही. मी तिच्याकडे पाहिले. तिने चकल्या परतल्या, गॅस बारीक केला आणि पदराने कपाळ पुसले.

"मग घाल," ती म्हणाली. "पण आजच्या भावानं घालू नकोस. तू नेल्यास त्या दिवसाचा भाव घाल."

त्याने लिहिले. राहण्याच्या ठिकाणाच्या रकान्यापाशी त्याची लेखणी थांबली.

"पत्ता काय लिहू?"

"जामिनाचा लिहिलास तोच," सौ. म्हणाली.

मेहुण्याला हसू आले. पुष्कळ दिवसांनी आले असावे. मग त्याने वही माझ्याकडे सरकवली. "दाजी, खाली तुमची साक्षीदार म्हणून सही करता का?"

मी चष्मा पुसला, वही जवळ ओढली आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.