वहीबाई

फॉर्म्युला वनच्या विक्रमांच्या वहीशी तुमची अजून गाठ पडली नसेल, तर आधी त्यांचं वय सांगतो, कारण ते त्या स्वतःच भेटेल त्याला सांगतात. जन्म १३ मे १९५०, गाव सिल्व्हरस्टोन, इंग्लंड. त्या दिवशी जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत झाली, ज्युझेप्पे फारिना जिंकला आणि बाईंनी पहिली ओळ लिहिली. त्याआधीही मोटारी पळत होत्या, ग्रां प्री होत होत्या, माणसं जिंकत होती, मरत होती. त्यांचं नाव काढलंत तर बाई चष्म्यावरून बघतात. आपल्या जन्माआधीचं जग त्यांना मान्य नाही.

आमच्या हुबळी-धारवाडात त्या रविवारी संध्याकाळी येतात. युरोपातली शर्यत उन्हाळ्यात आपल्या घड्याळाने साडेसहाला सुटते. मग विद्यानगरपासून मालमड्डीपर्यंत जिथे कुठे चार पोरं टीव्हीसमोर जमलेली असतात, तिथून बाईंना बोलावणं जातं. सर्वांत जास्त पोल, म्हणजे सुटतानाची पहिली जागा, कुणाचे? प्रश्न पुरा व्हायच्या आत बाईंचं उत्तर: हॅमिल्टन, १०४. विजय? हॅमिल्टन, १०५. हे २०२५चा मोसम संपतानाचे आकडे. अजिंक्यपदं? इथे त्या जरा घुटमळतात, कारण सात-सातवर शूमाकर आणि हॅमिल्टन शेजारी बसलेत आणि बरोबरी बाईंना सोसत नाही.

गाव मुळात क्रिकेटचं. द्रविडच्या १३,२८८ कसोटी धावा सांगणारे इथे गल्लोगल्ली भेटतात, आणि त्या धावा करताना त्याच्या हातातली बॅट कोणत्या कारखान्यातली होती हे कुणी विचारत नाही. वहीबाईंच्या घरचा रिवाज वेगळा. तिथे प्रत्येक विजयाच्या पाठीशी एक इंजिन, एक कारखाना आणि शेकडो माणसं असतात. बाईंना ते ठाऊक आहे, पण नाव लिहितात ते ड्रायव्हरचं. हा त्यांचा पक्षपात मी त्यांना कधीचा माफ केलाय. गाडी कितीही चांगली असो, पावसात ब्रेक कधी दाबायचा हे शेवटी एकाच माणसाला ठरवायचं असतं.

हिशेबाला मात्र त्या चोख. जुलै १९५४ची ब्रिटिश ग्रां प्री बघा. तेव्हा सर्वांत वेगवान फेरीला एक गुण मिळे. सिल्व्हरस्टोनवर वेळ मोजली होती पूर्ण सेकंदात, त्यामुळे १ मिनिट ५० सेकंद या वेळेवर एक सोडून सात ड्रायव्हर निघाले. फान्जिओ, अस्कारी, मॉस, हॉथॉर्न, गोन्झालेझ, मारिमोन, बेहरा. दुसरी कुणी असती तर गुण रद्द करून मोकळी झाली असती. बाईंनी एका गुणाचे सात तुकडे केले आणि प्रत्येकाच्या हातावर एक सप्तमांश ठेवला. म्हणून फान्जिओच्या आयुष्यभराच्या गुणांची बेरीज आजही २७७ पूर्णांक ९/१४ अशी लिहावी लागते. त्यातला सातवा हिस्सा या शर्यतीचा, आणि अर्धा आदल्या वर्षी स्वित्झर्लंडमध्ये दुसऱ्याबरोबर वाटून चालवलेल्या गाडीचा. सत्तर वर्षं झाली, बाईंनी तो अपूर्णांक पुसू दिलेला नाही.

पण याच बाईंना महागाई कळत नाही. १९५०मध्ये विजयाला आठ गुण होते. १९६१ला नऊ झाले, १९९१ला दहा, २०१०ला एकदम पंचवीस. बाई जुनं नाणं आणि नवं नाणं एकाच डब्यात टाकतात. मॅक्स वर्स्टॅपनने २०२३च्या एका मोसमात ५७५ गुण मिळवले, म्हणजे फान्जिओच्या सबंध कारकिर्दीच्या दुपटीहून जास्त. एवढ्यावर कुणी वर्स्टॅपनला दोन फान्जिओंएवढा मानू लागला, तर बाई त्याला अडवत नाहीत. अडवायचं आपण. शर्यती किती आणि विजय किती, एवढंच विचारायचं. मग बाई खालच्या आवाजात सांगतात: फान्जिओ, ५१ शर्यती, २४ विजय. जवळजवळ दर दुसऱ्या रविवारी हा माणूस जिंकत होता, आणि तेही अशा काळात जेव्हा कमरेला पट्टा नसे.

त्यांच्या अंगावरचा आवडता दागिना म्हणजे तारका, आकड्याच्या डोक्यावरचं ते इवलंसं चिन्ह. अल्बेर्तो अस्कारीने १९५२-५३मध्ये लागोपाठ नऊ शर्यती जिंकल्या. पण त्या काळी अमेरिकेतली इंडियानापोलिस ५०० ही शर्यतही अजिंक्यपदाच्या यादीत होती. युरोपातले बहुतेक ड्रायव्हर तिकडे फिरकतही नसत, आणि १९५३ची इंडियानापोलिस नेमकी अस्कारीच्या सातव्या आणि आठव्या विजयाच्या मध्ये येऊन बसली. मग लागोपाठ किती, सात की नऊ? बाईंनी नऊ लिहिले आणि वर तारका लावली. त्या तारकेवर माणसांनी साठ वर्षं वाद घातला. २०१३मध्ये व्हेटेलने स्वच्छ नऊ केले, २०२३मध्ये वर्स्टॅपनने दहा, तेव्हा कुठे वाद निवला. त्याच वर्षी अस्कारीचा आणखी एक जुना आकडा मोडला. १९५२मध्ये त्याने आठापैकी सहा शर्यती जिंकल्या होत्या, पंचाहत्तर टक्के. वर्स्टॅपनने बावीसपैकी एकोणीस जिंकल्या. एकाहत्तर वर्षं टिकलेला आकडा खोडताना बाईंचा हात जड झाला असणार, असं मला फार वाटतं.

नियमापुढे त्या कुणाचंच ऐकत नाहीत. १९८८मध्ये प्रॉस्टचे गुण १०५ आणि सेनाचे ९४, पण सर्वोत्तम अकरा निकालच धरायचे असा नियम होता. तो लावला की प्रॉस्ट ८७, सेना ९०. अजिंक्य सेना. त्याआधी १९८४मध्ये प्रॉस्ट अर्ध्या गुणाने हरला होता, लाउडाकडून. मोनाकोची शर्यत पावसामुळे मध्येच थांबवली होती, प्रॉस्ट जिंकला पण गुण निम्मेच मिळाले. शर्यत पुरी होऊन तो दुसरा आला असता तरी त्याला दीड गुण जास्त मिळाले असते.

बाईंना गोष्ट ऐकायला वेळ नसतो, आणि माझं त्यांच्याशी भांडण आहे ते इथेच. १९५८च्या पानावर लिहिलंय: हॉथॉर्न ४२, मॉस ४१. हॉथॉर्नचा विजय एक, मॉसचे चार, तरी अजिंक्य हॉथॉर्न. त्या पानावर जे नाही ते असं: पोर्तुगालच्या शर्यतीत हॉथॉर्नची गाडी बंद पडली होती आणि ती सुरू करताना त्याने ती उलट्या दिशेने नेली म्हणून त्याला बाद करायला निघाले होते. तेव्हा स्टर्लिंग मॉस उठला आणि पंचांपुढे प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने साक्ष दिली, की तो रस्त्यावर नव्हता, कडेच्या पायवाटेवर होता. हॉथॉर्नचे सात गुण वाचले. मॉसला पुढे कधीच अजिंक्यपद मिळालं नाही. सोळा विजय आणि अजिंक्यपदं शून्य, एवढंच बाई सांगतात. त्यांच्या साऱ्या वहीतला हा सर्वांत मोठा शून्य आहे असं मी मानतो.

लुईजी फाजोलीचंही तसंच. सर्वांत वयस्कर विजेता, वय ५३, फ्रेंच ग्रां प्री, १९५१. बाई हे मोठ्या कौतुकाने सांगतात. मात्र त्या दिवशी मधेच गाडी फान्जिओच्या हवाली कर म्हणून संघाने त्याला हुकूम सोडला, फान्जिओने ती जिंकवली, विजय दोघांच्या नावावर लागला आणि फाजोली इतका संतापला की त्याने ग्रां प्रीला रामराम ठोकला. विक्रम त्याच्या नावावर आहे, आनंद नाही.

छोट्या माणसांशी मात्र बाई फार मायेने वागतात. इटलीची लेला लोम्बार्दी, अजिंक्यपदाच्या शर्यतीत गुण मिळवणारी आजवरची एकमेव स्त्री. १९७५ची स्पेनमधली शर्यत अपघातामुळे अर्धवट थांबली, ती सहावी होती, म्हणून तिला मिळाला अर्धा गुण. बाईंनी तो अर्धा गुण पन्नास वर्षं जपून ठेवलाय. आणि मार्को अपिचेल्ला? १९९३, मोंझा, जॉर्डनची गाडी, पहिल्याच वळणाशी धडक. सगळी कारकीर्द जेमतेम आठशे मीटरची. आपल्या हुबळी स्टेशनचा फलाट १५०७ मीटर, जगात सर्वांत लांब; अपिचेल्ला त्याच्या एका टोकाहून सुटला असता तर अर्ध्याच्या जरासा पुढे जाऊन थांबला असता. तरीही त्याच्या नावाला वहीत एक अख्खी ओळ आहे.

आता त्यांचा एक हट्ट सांगतो, कारण त्यात आपला कर्नाटक येतो. सिल्व्हरस्टोनच्या फाटकासमोर एक कारखाना आहे. एडी जॉर्डनचा संघ तिथला. १९९१मध्ये शूमाकरने पहिली शर्यत त्याच संघाकडून केली. अपिचेल्लाचे आठशे मीटरही त्याच घरचे. २००५मध्ये नारायण कार्तिकेयन भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर झाला, तोही जॉर्डनमधूनच. पुढे मालक बदलत गेले: मिडलंड, मग स्पायकर, २००८ला बंगळुरूच्या विजय मल्ल्यांचा फोर्स इंडिया, मग रेसिंग पॉइंट, आता अ‍ॅस्टन मार्टिन. जागा तीच, पण पाटी बदलली की बाई नवं पान काढतात आणि मागचं पुढे ओढून आणत नाहीत.

यात कुणाकुणाची कशी ताटातूट झाली बघा. २००७मध्ये नुर्बुर्गरिंगला मार्कुस विंकेलहॉक हा नवखा पोरगा स्पायकरमधून शेवटून पहिल्या जागी उभा होता. पाऊस येणार हे ओळखून संघाने त्याला आधीच पावसाळी टायर घातले. पाऊस कोसळला, बाकीचे घसरले आणि विंकेलहॉक सहा फेऱ्या सर्वांच्या पुढे राहिला. त्याची फॉर्म्युला वनमधली ती एकमेव शर्यत. पुढच्या वर्षी त्याच गोतावळ्यावर भारताचं नाव लागलं, पण त्या सहा फेऱ्या स्पायकरच्या पानावरच राहिल्या.

फोर्स इंडियाच्या पानावर पोल एकच. स्पा, ऑगस्ट २००९, जांकार्लो फिझिकेला. शर्यतीत तो रायकोनेनच्या मागे एक सेकंदही नाही एवढ्या अंतराने दुसरा आला, आणि पुढच्याच शर्यतीला फेरारीत निघून गेला. विजय शून्य. २०१६ आणि २०१७मध्ये संघ चौथा आला. २०१८मध्ये पैशांअभावी तो प्रशासकांच्या हाती गेला, मोसमाच्या मध्यावर नव्या मालकांच्या नावाने उभा राहिला, आणि बाईंनी संघाचे ५९ गुण पुसून शून्यापासून सुरुवात करायला लावली. ड्रायव्हरांचे गुण मात्र तसेच ठेवले. त्याच घरातला सर्जिओ पेरेझ ६ डिसेंबर २०२०ला साखीरमध्ये जिंकला, कारकिर्दीतल्या १९०व्या शर्यतीत, पहिल्याच फेरीत धडक खाऊन पार मागे फेकला गेल्यावर. तो विजय पडला रेसिंग पॉइंटच्या पानावर. त्याच दिवशी, त्याच ट्रॅकवर मुंबईचा जेहान दारूवाला फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. ती वही दुसऱ्या बाईंकडे आहे.

भारताच्या नावाचं पान बाई उघडतात तेव्हा त्यात वाचायला फार नसतं. कार्तिकेयनचे पाच गुण, सगळे एकाच दिवशीचे: इंडियानापोलिस, जून २००५. मिशेलिन टायरवाल्या चौदा गाड्या टायर धोक्याचे म्हणून सराव फेरीनंतर परत गेल्या आणि उरलेल्या सहांत तो चौथा आला. काही लोक त्या गुणांना नाक मुरडतात. बाई मुरडत नाहीत आणि मीही नाही. सहा गाड्या उभ्या होत्या, त्यांतली एक त्याने शेवटापर्यंत नीट नेली. करुण चंढोकच्या अकरा शर्यती, गुण नाही. नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर शर्यती तीनच झाल्या, २०११ ते २०१३, आणि विजेत्यांच्या रकान्यात तिन्ही वेळा व्हेटेल. सर्वांत वेगवान फेरीही त्याचीच, १ मिनिट २७.२४९ सेकंद, २०११ची. तिकडे पुन्हा फॉर्म्युला वन गेलीच नाही, त्यामुळे ती मोडणार कोण?

गेल्या वर्षी एका पानावर मोठी खाडाखोड झाली. पोडियमशिवाय, म्हणजे पहिल्या तिघांत एकदाही न येता, सर्वाधिक शर्यती हा नकोसा विक्रम कित्येक वर्षं निको हल्केनबर्गच्या नावावर होता. जुलै २०२५मध्ये सिल्व्हरस्टोनच्या पावसात तो एकोणिसाव्या जागेवरून सुटला आणि तिसरा आला, २३९व्या शर्यतीत. फोर्स इंडियात काही वर्षं काढलेला हा माणूस त्या कारखान्यासमोरच पहिल्यांदा पोडियमवर चढला. बाईंनी त्याचं नाव खोडलं आणि जुना मानकरी परत आणून बसवला: आद्रियान सुटिल, १२८ शर्यती. तोही फोर्स इंडियाचाच. २००८मध्ये मोनाकोच्या पावसात तो चौथ्या जागेवर होता. शर्यत संपायला थोडीच मिनिटं उरली असताना बोगद्यातून आलेल्या रायकोनेनची फेरारी मागून त्याच्या गाडीवर आदळली, आणि सुटिल गॅरेजमध्ये येऊन रडला.