बाबांच्या फाइल्स आणि जुनी हार्ड डिस्क

तुमच्या घरातही असेल बघा एखादा जुना कॉम्प्युटर. माळ्यावर, चादरीत गुंडाळलेला. भंगारात देण्याआधी माझं थोडं ऐका.

आमचा रायपूरच्या चौबे कॉलोनीतला डबा २००१ सालचा. निवृत्तीनंतर बाबा त्यावर मराठीत घराण्याच्या आठवणी टाइप करायचे. पणजोबा विदर्भातून इकडे कसे आले, १९५६ पर्यंत नागपूर आपली राजधानी असताना तिकडे किती जाणं-येणं असायचं, असं सगळं. बाबा गेले. त्या आठवणींची दुसरी प्रत कुठेच नव्हती. मागच्या उन्हाळ्यात लेकीनं विचारलं, "आई, आपण मराठी, मग इथे कसे?" तेव्हा डबा खाली उतरवला.

सुरू केला तर काळ्या पडद्यावर एकच ओळ: डिस्क बूट फेल्युअर.

दुकानातला मुलगा म्हणाला, "दीदी, फॉर्मेट मार देते हैं, नया जैसा हो जाएगा." मी डबा उचलून घरी आणला. कॉम्प्युटर नवा झाला असता, पण आठवणी गेल्या असत्या!

मग आम्ही मायलेकींनी तपासणी सुरू केली. आधी कान लावला. हार्ड डिस्कमधल्या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्या मारतात. एकसारखी टिक-टिक ऐकू आली तर वाचणारं डोकं बिघडलंय असं समजा आणि लगेच बंद करा. काहीच आवाज नसेल तर वीज पोहोचत नाही किंवा मोटार अडकली आहे. आमची डिस्क नुसती गुणगुणत होती. म्हणजे आशा होती.

मग घड्याळ पाहिलं. तारीख कित्येक वर्षं मागे! मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी, सीआर २०३२, संपलेली. ती संपली की तारखेबरोबर डिस्कची नोंदही पुसली जाऊ शकते. बॅटरी बदलली, तरी डिस्क दिसेना. मग ४० पिनांची चपटी केबल बदलली आणि डिस्कचं नाव पडद्यावर उमटलं. लेक टाळ्या वाजवायला लागली.

पण विंडोज अर्ध्यात अडकायचं. म्हणजे केबलचा दोष होताच, पण डिस्कही आजारी होती. अशा वेळी पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नका. दुरुस्तीचा प्रोग्रामही चालवू नका, तो डिस्कवर नवीन काही लिहून ठेवतो. आधी प्रत काढा, बाकी सगळं नंतर.

डिस्क बाहेर काढून यूएसबी अडॅप्टरनं लॅपटॉपला जोडली. या मोठ्या डिस्कना १२ व्होल्टची वेगळी वीज लागते, नुसतं यूएसबी पुरत नाही. मग डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्राम लावला. तो आधी चांगला भाग उचलतो आणि खराब जागांकडे शेवटी वळतो. रात्रभर तो चालू होता, आणि आई देवघरातून विचारत होती, "निघालं का गं काही?"

अकरापैकी नऊ फाइल्स उघडल्या. पण आत मराठी कुठे? सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी! युनिकोड रुळण्याआधीचे मराठी फॉन्ट आपली अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवायचे. तो फॉन्ट नसेल तर मजकूर असूनही वाचता येत नाही. सुदैवानं तो त्याच डिस्कवर, विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये सापडला. लॅपटॉपवर टाकला आणि बाबांचं पहिलं वाक्य समोर आलं. आई चष्मा पुसत राहिली.

दोन फाइल्स मात्र गेल्या. त्यातली एक आईबाबांच्या लग्नाची होती. आता लेक रोज संध्याकाळी मोबाइल आईसमोर ठेवते आणि म्हणते, "आजी, मग पुढे?"

तुमच्या माळ्यावरच्या डब्यात कोणाचं काय आहे, एकदा बघा. आणि ज्यांना विचारता येतं, त्यांना आजच विचारा.