टपालाने आलेले धडे

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या आमच्या वस्त्यांमध्ये त्या काळी टपालाने मोजक्याच गोष्टी येत. कुवेत-सौदीहून लाल-निळ्या काठांची पाकिटं, कोर्टाच्या एखाद्या जुन्या दाव्याची तारीख, लग्नाच्या पत्रिका. 1983 सालच्या पावसाळ्यानंतर त्यांत पुण्याहून येणाऱ्या बायबलच्या धड्यांची भर पडली. पोस्टमन ते पाकीट मशिदीच्या समोरच्या दुकानात टाकायचा, त्यामुळे आमच्या हाती पडण्याआधी ते निदान सहा जणांनी उलटसुलट करून पाहिलेलं असायचं.

आम्ही चौघे होतो. दोघे कर्जत बाजूचे, दोघे खोपोली बाजूचे. चौघेही मराठी शाळेत शिकून मॅट्रिक झालेले आणि पुढे काय, हे न कळून कर्जत-खोपोली शटलमध्ये फुकट हिंडणारे. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी ही स्टेशनं आम्हाला पहाड्यासारखी पाठ होती. त्याच गाडीत बाकावर पडलेलं एक छापील कार्ड आम्हाला सापडलं. पत्रद्वारा बायबलचा अभ्यास, मोफत, मराठीतून, शेवटी प्रमाणपत्र. खरं सांगायचं तर आमचे डोळे प्रमाणपत्रावर थांबले. खोपोलीच्या कारखान्यांच्या गेटवर जो तो 'सर्टिफिकेट काय आहे?' असंच विचारायचा. कसलं का असेना, शिक्क्याचा एक कागद हाती येईल, एवढाच हिशेब. पंधरा पैशांचं पोस्टकार्ड टाकलं आणि आम्ही विद्यार्थी झालो.

हा अभ्यासक्रम सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचा. 'व्हॉइस ऑफ प्रॉफेसी' हा त्यांचा मूळ अमेरिकेतला रेडिओ कार्यक्रम, आणि 1942 मध्ये त्याला टपालाने बायबल शिकवणारी शाळा जोडली गेली. तिच्या जगभर शाखा निघाल्या, तशी पुण्यातही निघाली. तेव्हा यातलं आम्हाला काही माहीत नव्हतं. आमच्या लेखी ख्रिस्ती म्हणजे ख्रिस्ती. माथेरानच्या चर्चपलीकडे आम्ही त्यांचं काही पाहिलंही नव्हतं.

धडा म्हणजे चार-सहा पानांची घडीची पत्रिका. आधी मजकूर, मग प्रश्न. प्रश्नापुढे बायबलमधला संदर्भ दिलेला असे. तो शोधायचा, वाचायचा आणि गाळलेली जागा भरायची. काही ठिकाणी चूक की बरोबर, एवढंच. एका धड्यात दानीएलच्या पुस्तकातला बाबेलचा राजा होता. त्याला स्वप्नात पुतळा दिसतो. सोन्याचं डोकं, रुप्याची छाती, पितळेचं पोट, लोखंडाचे पाय आणि पावलं लोखंड-मातीची. प्रत्येक धातू म्हणजे एक साम्राज्य, हे धडा आम्हाला पटवून देत होता. इतिहासाच्या पुस्तकापेक्षा हे आम्हाला फार आवडलं. उत्तरं लिहून पाठवली की पंधरा-वीस दिवसांनी लाल शाईने तपासून परत येत. आम्हाला शाळेत कधी अठ्ठ्याण्णव मार्क पडले नव्हते, इथे पडले.

पण गाळलेल्या जागा भरता भरता दुसरीच एक वही तयार होत गेली. डाव्या बाजूला त्यांची नावं, उजव्या बाजूला आपली. नोहा म्हणजे नूह, अब्राहाम म्हणजे इब्राहिम, मोशे म्हणजे मूसा, दावीद म्हणजे दाऊद, शलमोन म्हणजे सुलेमान, योना म्हणजे यूनुस. एखादं नाव जुळलं की हरवलेला नातेवाईक स्टेशनवर भेटावा तसं व्हायचं. आणि काही जागी जुळूनही जुळायचं नाही. कुर्बानीच्या गोष्टीत बायबल इसहाकचं नाव घेतं आणि आम्ही दर बकरी ईदेला इस्माईल अलैहिस्सलामांचं नाव ऐकत आलेलो. आम्ही हाफिजजींना विचारलं. कुराणात तिथे मुलाचं नावच घेतलेलं नाही, हे त्यांनी शांतपणे सांगितलं, तेव्हा आम्ही चौघेही गप्प झालो. लहानपणापासून मक्तबात सिपारे वाचले होते, खतम केले होते, त्यानिमित्त घरोघर मिठाई वाटली होती. वाचलं होतं ते काय, ते मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. अरबी नुसती वाचता येत होती. ज्या उर्दूत अर्थ सांगणारी पुस्तकं होती ती उर्दू आमच्या मराठी शाळेत नव्हती. दीनची गोष्ट आपल्या भाषेत छापलेली आम्ही पहिल्यांदा पाहिली ती या घडीच्या पत्रिकांत, आणि ती दुसऱ्यांची होती.

यात नवल नव्हतं, हे पुढे वाचन वाढल्यावर कळलं. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण 1616 मध्ये गोव्यात छापलं गेलं, अकरा हजारांच्या घरात ओव्या. विल्यम कॅरीने सेरामपूरहून मराठी नवा करार 1811 मध्ये काढला. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. ते त्यांच्या पश्चात 1924 मध्ये प्रसिद्ध झालं. ज्यांचा धर्म समुद्रापलीकडून आला असं लोक म्हणतात, त्यांनी तीनशे वर्षं मराठीशी झटापट केली. आपल्याकडे श्रीगोंद्याचे शेख महंमद होऊन गेले, त्याच सतराव्या शतकात. त्यांचं नाव आमच्या वस्तीत कुणाला माहीत नव्हतं.

प्रत्येक धड्याच्या तळाशी मात्र एक प्रश्न असा असे, की त्याचा संदर्भ शोधून उपयोग नव्हता. येशूला आपला तारणारा म्हणून स्वीकारण्याची तुमची इच्छा आहे काय? पुढे दोन चौकटी, होय आणि नाही. पहिले काही धडे आम्ही ती जागा कोरी ठेवली. एकाचं म्हणणं, 'होय' लिहून टाकू, प्रमाणपत्र मिळेल, कागदाला काय कळतं. दुसऱ्याचं म्हणणं, 'नाही' लिहू आणि मोकळे होऊ. पण नुसतं 'नाही' लिहायलाही हात धजेना, कारण ईसा अलैहिस्सलामांना 'नाही' म्हणणारा मुसलमान कसला?

शेवटी हाफिजजींकडे गेलो. ते बिहारकडचे. मराठी त्यांना बाजारापुरती. धडा आम्ही मराठीत वाचायचा आणि तोडक्यामोडक्या हिंदीत त्यांना समजवायचा, असा वर्ग सुरू झाला. 'तारणारा' म्हणजे? 'नजात देनेवाला.' 'पवित्र आत्मा'? ते हसले, 'रूहुल कुद्दूस.' ते रागावतील या भीतीने आम्ही गेलो होतो. त्यांनी आम्हाला हबशाच्या नजाशी बादशहाची हकिगत सांगितली. मक्केहून जीव घेऊन आलेल्या मुसलमानांना त्या ख्रिस्ती राजाने विचारलं, तुम्ही काय मानता, आणि हजरत जाफर यांनी त्याच्यापुढे सूरे मरियम पढली. मग म्हणाले, 'पूछा है तो जवाब दो. झूठ मत लिखो, और खाली भी मत छोड़ो.'

दोन्ही चौकटी सोडून आम्ही खाली लिहिलं, की आम्ही ईसांना अल्लाहचे पैगंबर मानतो, मरियमचे पुत्र मानतो, अल्लाहचा पुत्र मानत नाही. पाकीट पेटीत टाकताना वाटलं, आता धडे बंद. वीस दिवसांनी उत्तरपत्रिका आली. मार्क नेहमीसारखेच. त्या ओळीखाली लाल शाईत लिहिलं होतं, की तुम्ही स्पष्ट लिहिलंत ते बरं केलंत. आणि पुढे एक विनंती होती. तुमच्या कुराणात मरियेविषयी काय सांगितलं आहे, ते मराठीतून लिहून पाठवू शकाल काय?

त्याआधी, 1984 च्या फेब्रुवारीत, आमच्यातले दोघे पुण्याला जाऊन या लोकांचं कॉलेज पाहून आले होते. कर्जतला गाडीला मागून इंजिनं जोडतात तेवढ्या वेळात वडे खाऊन, घाट चढून गेले. स्पायसर मेमोरियल कॉलेज 1942 पासून पुण्यात आहे. 2014 मध्ये त्याचं विद्यापीठ झालं. तिथली मुलं देशभरातून आलेली. बरीचशी फीचा काही भाग आवारातच काम करून फेडायची, कुणी बागेत, कुणी बेकरीत. बेकरीचा ब्रेड पुण्यात नावाजलेला. परत आल्यावर दोघांनी सांगितलेल्या गोष्टी वस्तीत आठवडाभर पुरल्या. ते डुकराचं मांस खात नाहीत. दारू नाही, विडी नाही. (चहासुद्धा नाही, ही बातमी मात्र कुणाला आवडली नाही. आमच्या दोघांची तिथे दिवसभर पंचाईत झाली होती.) शनिवार पाळतात आणि त्यांचा शनिवार शुक्रवारी सूर्य बुडताच लागतो. मगरिबला आपली तारीख बदलते तशीच. शुक्रवारी संध्याकाळी सगळी कामं आवरून तिथली मुलं आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून उभी होती. आमच्या मित्राला वाटलं, यांचा जुम्मा उशिरा आहे इतकंच. तेही ईसांच्या पुन्हा येण्याची वाट पाहणारे. त्यांच्या पंथाचं मूळच त्या वाट पाहण्यात आहे. 22 ऑक्टोबर 1844 ला ते येणार म्हणून अमेरिकेत हजारो लोक रात्रभर जागले, आणि सकाळ नेहमीसारखी उजाडली. त्या निराशेतून जे सावरले त्यांच्यातून पुढे हा पंथ उभा राहिला.

लाल शाईची विनंती आली ती मे महिन्यात. तो महिना ज्यांना आठवतो त्यांना सांगायला नको. भिवंडी पेटली होती, ठाण्या-मुंबईपर्यंत लोण गेलं होतं. आमच्या वस्तीतल्या निम्म्या घरांची सोयरीक भिवंडीला. कर्जतला उतरणारा प्रत्येक माणूस काही ना काही ऐकून यायचा. तशात 1981 मध्ये तमिळनाडूत मीनाक्षीपुरमला धर्मांतरं झाल्यापासून 'धर्मांतर' हा शब्दच पेटत्या काडीसारखा झालेला. जमातीच्या वडीलधाऱ्यांनी आम्हाला बोलावलं. तुम्ही बाटणार, असा आरोप कुणी केला नाही. त्यांची भीती निराळी होती. पुण्याला कुराणाचा मजकूर लिहून पाठवणार, तो कुणाच्या हाती पडेल, त्याचा कोण काय अर्थ लावेल? आणि कलामे पाक मराठीत लिहायचा अधिकार तुम्हा पोरांना कुणी दिला? एकाचे अब्बा तर म्हणाले, 'ते कागद घरात नकोत, उद्या झडती झाली तर काय सांगणार?' त्यांचं भय खोटं नव्हतं. आम्ही उलट बोललो नाही. उत्तर हाफिजजींनी दिलं. ही कुराण नाही, मुलं फक्त मतलब लिहिताहेत, आणि मी बसून ऐकणार आहे. परवानगी मिळाली की नाही हे आजही नक्की सांगता येत नाही. कुणी परत काही बोललं नाही, एवढं खरं.

जूनच्या पहिल्याच दिवसांत रमजान लागला, पाठोपाठ पाऊस. तरावीह झाल्यावर मशिदीच्या ओट्यावर कंदील घेऊन आम्ही बसायचो. वीज गेलेलीच असायची. हाफिजजी उर्दू तर्जुमा वाचायचे, आम्ही मराठी करायचो. सूरे मरियमच्या आयती अठ्ठ्याण्णव. आम्हाला लागायच्या त्या सुरुवातीच्या चाळीसएक. एका रात्री चार व्हायच्या, एका रात्री अर्धीच. म्हाताऱ्या जकरियांची दुवा सोपी गेली. पूर्वेकडे एकटी जाऊन राहिलेली मरियम, तिच्यापुढे माणसाच्या रूपात आलेला फरिश्ता, हेही जमलं. मग खजुरीच्या खोडाला धरून कळा देणारी ती बाई आली, आणि आमच्यातला लिहून घेणारा थांबला. त्याची थोरली बहीण नुकतीच बाळंत झाली होती. मला आधीच मौत आली असती तर, या अर्थाचे तिचे शब्द त्याने घरात कानांनी ऐकले होते, आमच्या बोलीत. आम्ही आधी जे लिहिलं होतं ते पुस्तकी होतं. ते खोडून बहीण बोलली तसंच लिहिलं.

शब्दांवरून भांडणं झाली ती वेगळीच. ख्रिस्ती मराठीतले 'प्रभू', 'कृपा', 'तारण' हे शब्द तयार होते, धड्यांतून तोंडात बसलेही होते. ते उचलायचे का? हाफिजजींना त्यातलं कळत नव्हतं, ते आमच्या तोंडाकडे बघत. मग लक्षात आलं, की हुकूम, खबर, अर्ज, मेहेरबानी हे शब्द तर शेजारचे जोशीमास्तरही रोज वापरतात. ते मराठीच आहेत आणि आपलेही. त्यांच्या आधारावर बरंच पार पडलं.

अडलं ते तान्ह्या ईसांच्या पहिल्याच शब्दावर. पाळण्यातलं मूल बोलतं आणि स्वतःला अल्लाहचा 'अब्द' म्हणवतं. सगळा मुद्दा त्या शब्दावर. पुण्याच्या प्रश्नाचं उत्तर तेच होतं. उर्दू तर्जुम्यात 'बंदा'. पण मराठीत बंदा म्हटलं की एकाला बंदा रुपया आठवायचा आणि दुसऱ्याला 'हा बंदा घाबरत नाही' म्हणणारा तमाशातला सोंगाड्या. 'सेवक' लिहावं तर ग्रामसेवक डोळ्यांपुढे. 'दास' चांगला, पण तो ऐकला की मनाचे श्लोक सुरू होतात, असं खोपोलीवाल्याचं म्हणणं. 'गुलाम' वर हाफिजजीच तयार होईनात. आमच्यातल्या एकाचं नावच अब्दुलने सुरू होणारं. तो वैतागून म्हणाला, 'म्हणजे वीस वर्षं मला हाक मारताय त्याचा अर्थ तुम्हाला सांगता येत नाही?'

ईदच्या आधी कागद गेले. अकरा फुलस्केप. 'बंदा' लिहिलं आणि कंसात 'दास'. महिन्याने पुण्याहून पोच आली, वाचून समाधान वाटलं अशी, आणि त्याबरोबर शेवटचे धडे. प्रमाणपत्रंही यथावकाश आली. कारखान्याच्या गेटवर ती कुणी दाखवली नाहीत. लाल शाईने लिहिणारी व्यक्ती बाई होती की पुरुष, हेसुद्धा आम्हाला कळलं नाही.

आज कुराणाचे मराठी तर्जुमे दुकानात मिळतात, मोबाइलवर मिळतात. हाफिजजी कधीच गावी गेले आणि तिथेच अल्लाहला प्यारे झाले. आम्ही चौघांपैकी तिघे उरलो आहोत. नवा तर्जुमा हाती आला की आधी सूरे मरियमची तिसावी आयत काढतो. कुठे 'दास' असतो, कुठे 'भक्त', कुठे 'बंदा'. खोपोलीवाला अजून 'दास'ला तयार नाही. मागच्या रमजानात त्याने फोन करून 'चाकर' सुचवला. त्यावर आमचं बोलणं चालू आहे.