देवाचें भय

आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या धर्मांत 'देवाचें भय' या शब्दांना जें स्थान आहे, तें हिंदु वाचकाला प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटतें. गीतेच्या सोळाव्या अध्यायांत दैवी संपत्तीची गणना सुरू होते ती 'अभया'पासून. उलट बायबलांतील नीतिसूत्रांच्या पुस्तकांत शहाणपणाचा आरंभच ईश्वराच्या भयापासून धरलेला आहे, आणि 'उपदेशक' हें पुस्तक तर देवाला भिणें व त्याच्या आज्ञा पाळणें यांतच मनुष्याचें सारें कर्तव्य सांगून संपतें. ज्याला भ्यावयाचें त्याच्यावर प्रेम कसें करावें, ही शंका आम्हांलाही पुष्कळ दिवस होती. तथापि एखाद्याची सचोटी सांगतांना 'मोठा पापभीरू मनुष्य' असें आपणही म्हणतोंच.

भय एकाच जातीचें नसतें, हें ख्रिस्ती आचार्यांनीं फार पूर्वीं ओळखलें होतें. संत ऑगस्टीन यांनीं दोन स्त्रियांचा दृष्टांत दिला आहे. एक व्यभिचारिणी, तिला पति घरीं येईल कीं काय, याचें भय. दुसरी पतिव्रता, तिला पति सोडून जाईल कीं काय, याचें भय. विचाराल तर दोघीही 'भितें' असेंच सांगतील! तेराव्या शतकांत संत थॉमस अक्वायनस यांनीं दासाचें भय व पुत्राचें भय या भेदाचा अधिक सूक्ष्म विचार केला. विरहिणीची भाषा ज्यांच्या कानांवरून गेली आहे, त्यांना यांतलें दुसरें भय परकें वाटण्याचें कारण नाहीं.

सिनाय पर्वतावर मोशेला मिळालेल्या आज्ञा दहाच. पण त्यांची मोजणी सर्वत्र सारखी नाहीं. मूर्तिनिषेध कॅथॉलिक पंथ पहिल्याच आज्ञेंत धरतो आणि शेवटच्या लोभाच्या आज्ञेचे दोन भाग करून दहाचा आंकडा पुरा करतो. अनेक प्रॉटेस्टंट पंथ मूर्तिनिषेध ही स्वतंत्र दुसरी आज्ञा मानतात. म्हणून 'चोरी करूं नकोस' ही आमच्या शेजाऱ्यांची सातवी आज्ञा.

पहिल्या आज्ञेशीं आमच्या पूर्वजांचा परिचय झाला तो मात्र ग्रंथांतून नव्हे. १५६७ सालीं राशोलच्या किल्ल्याच्या कप्तानानें साष्टींतील देवळें पाडविलीं. कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, हीं दैवतें नदीपार अंत्रुजांत गेलीं तीं याच सुमाराच्या आपत्तींत. पुढें त्याच राशोलला, १६१६ सालीं, फादर स्टीफन्स यांचें ओवीबद्ध मराठी 'ख्रिस्तपुराण' छापलें गेलें, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ सालीं त्यांची कोंकणी प्रश्नोत्तरी. एका हातानें देऊळ पाडावें आणि दुसऱ्या हातानें ओवी रचावी, असा तो काळ! ओवीचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु त्यामुळें पडलेल्या देवळाचें दुःख फिटतें असेंही म्हणवत नाहीं. 'तूं' म्हणून सांगितलेली आज्ञा ऐकणाऱ्यानें शेजाऱ्याच्या अंगणांत नेऊन गाडली, म्हणजे तिच्यांतलें भय देवाचें राहत नाहीं, कप्तानाचें होतें.

सातव्या आज्ञेचा परिचय निराळ्या तऱ्हेनें झाला. मोठें पाप घडलें असेल तर वर्षांतून एकदां तरी पाद्र्यापाशीं तें कबूल करावें, असें बंधन १२१५ सालच्या लॅटरन परिषदेपासून कॅथॉलिकांवर आहे. आमच्याकडे याला कुमसार म्हणतात. आणि चोरीच्या बाबतींत नुसता पश्चात्ताप पुरत नाहीं. शक्य असेल तर घेतलेली वस्तु, निदान तिचें मोल, परत करण्याचा निश्चय हवा. हें आम्हांला कोणत्याही पुस्तकाच्या आधीं आमच्या भाटांतल्या एका मुंडकारानें शिकविलें. ईस्टरपूर्वींचे उपवासाचे दिवस होते. तिन्हीसांजेला तो आला, ओट्यावर न बसतां उभाच राहिला आणि रुमालांत बांधलेले पैसे वडिलांपुढें ठेवून म्हणाला, "बाब, हे नाल्लांचे पयशे. पाद्रीन सांगलां, पयलीं तांचें तांकां दी, मागीर ये."

कोणते नारळ, हें वडिलांना ठाऊकही नव्हतें. वाईट दिवसांत, रात्रीच्या वेळीं, कित्येक वर्षांपूर्वीं त्यानें ते पाडून नेले होते. त्याला पाहणारें कोणी नव्हतें. तो गप्प राहता तर कोणाला कळणार होतें? वडिलांना संकोच वाटला. झालें गेलें, पैसे घरीं ने, पोराबाळांना होतील, असें ते म्हणूं लागले. तेव्हां तो माणूस खरोखरच घाबरला. "घेनात जाल्यार म्हजो भार तसोच उरता," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचें तें भय शिक्षेचें नव्हतें एवढें आम्हांला, लहान वयांतही, दिसलें.

वडिलांनीं पैसे घेतले आणि दुसऱ्या दिवशीं देवळांत नंदादीपाच्या तेलाकरितां दिले. ही गोष्ट गांवांत लपली नाहीं. पुढें एकदां आम्हीं त्याला थट्टेनें विचारलें कीं, तुझे पैसे आमच्या देवापुढें जळले, तें तुझ्या पहिल्या आज्ञेंत बसतें काय? त्यानें खांद्यावरची कोयती सारखी केली.

"ते पयशे तुमचे जाले," तो म्हणाला. "तुमी ते खंय घालतात, तें म्हाका विचारूं नाकात."