चौथी सीट

लोकलगाडीतले बाक तिघांसाठी असते, पण त्यावर बसतात चौघे. चौथ्याची एक मांडी बाकावर आणि दुसरी हवेत. उरलेला भार तो पायांवर आणि नशिबावर टाकतो. ही चौथी जागा रेल्वेने बांधलेली नाही. "जरा सरकता का?" एवढ्या तीन शब्दांनी ती प्रकट होते.

जेम्स गिब्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७९ साली आपल्या पुस्तकात म्हटले, की वस्तू आपल्याला नुसती दिसत नाही. तिचे काय करता येईल तेही दिसते. खुर्ची दिसते ती बसता येण्याजोगी. माणसे तर अशा शक्यतांनी भरलेलीच. पण गिब्सनसाहेब आमच्या गाडीने कधी गेले नसावेत. बाकावरची चार बोटे जागा उभ्या माणसाला दुरून दिसते. बसलेल्याने समोर वर्तमानपत्र धरले, की त्याला ती मुळीच दिसत नाही! या कलेत मी बरीच वर्षे निष्णात होतो.

एका गृहस्थांपुढे मात्र ती चालत नसे. ते दादरला चढत, कुर्ल्यापर्यंत उभे राहत आणि मग न बोलता माझ्याकडे पाहत. मी सरके. ठाण्याला कोणी उठले, की चौथ्याचे तिसरे होत आणि आमच्या गप्पा सुरू होत. पाऊस, क्रिकेट, महागाई. दोघेही डोंबिवलीला उतरणारे. पण नऊ वर्षांत मला ठाऊक होते ते त्यांचे आडनाव तेवढे.

गेल्या श्रावणात एकदा ते म्हणाले, "आज घरी जाऊच नये असं वाटतंय."

"मग चला परत दादरला, नाटक बघू!" मी म्हणालो. ते हसले. मीही हसलो, आणि पेपर उघडला.

पुढे कित्येक आठवडे ते दिसले नाहीत. त्यांच्या पत्नीच्या आजारपणाची हकिकत मला भलत्याच माणसाकडून कळली. त्या दिवशी त्यांनी मला "जरा सरकता का?" असेच विचारले होते. आणि विचारले तेव्हा तर माझ्या डोळ्यांपुढे पेपरही नव्हता.

परवा नवरात्रात ते पुन्हा चढले. बरेच वाळले होते. कुर्ला येण्याआधीच मी सरकलो. पाऊस झाला, क्रिकेट झाले. विचारावे कसे, हे ठाणे गेले तरी सुचेना. शेवटी डोंबिवलीच्या जिन्यावर म्हणालो, "चहा घेऊ या का?"

त्यांनी घड्याळ पाहिले. हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"चला," ते म्हणाले, "पण पैसे मी देणार."